गिलावा कोणाच्या हातचा?

फ्रान्सिस झेवियरने अमेरिका कधी पाहिली नाही. 1542 मध्ये तो गोव्यात उतरला, 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वारला, आणि त्याचा देह जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत आहे. तरीही अ‍ॅरिझोनातल्या सोनोरन वाळवंटात, टूसॉन शहराजवळच्या सान हाविएर देल बाक या त्याच्या नावाच्या मिशनच्या चर्चमध्ये, तो पांघरूण घेऊन उताणा निजलेला दिसतो. भाविक त्याच्या मानेखाली हात घालून डोके अलगद उचलतात. ते उचलले गेले नाही तर श्रद्धेत खोट, असे मानतात. हात, पाय, हृदय अशा आकारांचे धातूचे छोटे नवस पांघरुणाला टाचलेले असतात. गंमत म्हणजे ही मूर्ती मुळात झेवियरची नव्हेच. ती थडग्यातल्या ख्रिस्ताची, ओस पडलेल्या दुसऱ्या मिशनमधून आणलेली. सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या माग्दालेनात त्याची जत्रा भरते तीही 4 ऑक्टोबरला, असिसीच्या फ्रान्सिसच्या दिवशी. झेवियरचा दिवस खरे तर 3 डिसेंबर. लोकांनी दोन्ही फ्रान्सिस एकत्र करून टाकले आहेत.

मिशन पाहून आलेली माणसे सहसा दोनच निकाल देतात: ‘केवढी श्रद्धा!’ किंवा ‘केवढा अन्याय!’ दोन्ही निकालांत नायक किंवा खलनायक पाद्रीच असतो आणि ज्यांच्या भूमीवर हे सारे घडले ते ओओधाम लोक कोपऱ्यात उभे राहतात. मूर्तीचे नाव आणि जत्रेची तारीख ज्यांनी परस्पर बदलली, ते इतके गरीब प्रेक्षक नक्कीच नव्हते.

युसेबियो किनो हा जेझुइट पाद्री 1687 मध्ये या मुलखात आला. जन्माने उत्तर इटलीचा, विद्येने गणिती आणि नकाशाकार. नव्या ख्रिस्ती झालेल्यांना ठरावीक वर्षे खाणीत जुंपू नये, असे स्पेनच्या राजाचे फर्मान त्याने सोबत आणले होते. गुरे आणली, गहू आणला. ओओधाम लोक मका, घेवडा, भोपळा घेत ते उन्हाळी हंगामात. गव्हाने हिवाळ्यातही पीक मिळू लागले. मिशनची ओढ वाटायला हे मोठे कारण होते. पण विखुरलेल्या वस्त्या चर्चभोवती गोळा झाल्या, घंटेवर दिवस चालू लागला आणि देवी-गोवरासारख्या साथींना दाट वस्ती आयतीच सापडली. माणसे मरत, मग वाळवंटातून नवी आणून वस्ती भरली जाई. किनो 1711 मध्ये गेला. 1751 मध्ये लुइस ओआकपिकागिगुआ या ओओधाम म्होरक्याच्या नेतृत्वाखाली बंड झाले, त्यात दोन पाद्री आणि शंभरहून अधिक वसाहतवाले मारले गेले. एके काळी स्पॅनिशांच्याच बाजूने लढलेल्या या माणसाचा शेवट तुरुंगात झाला, आणि बंडाच्या पुढच्याच वर्षी तुबाकला लष्करी ठाणे बसले. 1767 मध्ये राजाने जेझुइटांनाच हाकलले. मागून फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आले.

आज पाहायला मिळते ती बव्हंशी या फ्रान्सिस्कनांची बांधकामे. टूसॉनच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर तुमाकाकोरीचे चर्च आहे. मातीच्या कच्च्या विटांचे, 1800 च्या सुमारास सुरू झालेले, घंटाघराचा घुमट कधीच न चढलेले. अपाचे टोळ्यांचे हल्ले आणि कडाक्याचा हिवाळा यांना कंटाळून 1848 मध्ये उरलेले लोक मूर्ती घेऊन बाकला निघून गेले. त्यानंतर जेझुइटांनी पुरलेल्या सोन्याच्या अफवेवर लोकांनी इथली जमीन उकरली. जेझुइट गेल्यावर तीसेक वर्षांनी उभ्या राहिलेल्या चर्चखाली त्यांचे सोने कुठून येणार, हा हिशेब कुणी केला नाही. 1908 पासून हे संरक्षित स्मारक आहे. सरकार ते पडू देत नाही आणि पूर्णही करत नाही.

बाकचे चर्च मात्र वापरात आहे. 1783 ते 1797 या काळात, एका पशुपालकाकडून 7,000 पेसो कर्ज काढून ते उभारले. पूर्वेचा मनोरा अपुराच राहिला. जवळ संगमरवर नव्हता, म्हणून आत भिंतींवर रंगानेच संगमरवर काढला. दर्शनी भागावर एका बाजूला मांजर, दुसऱ्या बाजूला उंदीर. मांजराने उंदीर पकडला की जग बुडणार, असे तिथले लोक सांगतात. विसाव्या शतकात डागडुजीसाठी भिंतींना सिमेंट फासले गेले. ओल आत कोंडली आणि विटा भुसभुशीत झाल्या. शेवटी सिमेंट काढून पुन्हा चुना लावला. त्यात फड्या निवडुंगाची पाने भिजवून निघालेले चिकट पाणी घातले जाते, आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ पडायचे तसे. 1990 च्या दशकात आतली चित्रे साफ करायला युरोपातून तज्ज्ञ आले, आणि त्यांच्या हाताखाली ओओधाम तरुण हे काम शिकले.

वास्तू कोणाची, याचे उत्तर मला या कामात दिसते. अर्थात यात एक धोका आहे: ‘लोकांनीच आपलेसे केले ना, मग तक्रार कसली?’ असे म्हणून जुलूम धुऊन काढणे सोपे जाते. गोवा याचे उत्तम उदाहरण. ‘गोंयचो सायब’ म्हणून ज्याच्या दर्शनाला हिंदूही जातात, त्याच झेवियरने 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारे धर्मन्यायालय, मागितले होते. ते 1560 मध्ये आले. भाविकांच्या प्रेमाने ते पत्र पुसले जात नाही, आणि त्या पत्रामुळे भाविक मूर्खही ठरत नाहीत. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता आल्या पाहिजेत.

शिवाय सगळा दोष क्रूसाच्या माथी मारला की त्यानंतरचे सुटून जातात. 1854 मध्ये हा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि सीमारेषेने ओओधाम प्रदेशाचे दोन तुकडे केले. ज्या सांता क्रूझ नदीमुळे इथे वस्ती होती, मिशन आले, ती मिशनने आटवली नाही. विसाव्या शतकात शहर, खाणी आणि मोठ्या शेतांनी भूजल उपसले आणि बाकजवळचे पात्र कोरडे पडले. 1975 मध्ये ओओधामांच्या पाण्याच्या हक्कासाठी खटला उभा राहिला, 1982 मध्ये कायदा झाला आणि कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने देण्याचे ठरले. आज चर्चजवळच्या सहकारी शेतीत ओओधाम लोक पूर्वापारचा टेपरी घेवडा पेरतात, आणि पाद्र्यांनी आणलेला गहूसुद्धा.

म्हणून अशा जागी जाणाऱ्याने कमानी आणि घुमट जरूर पाहावेत, पण विचारावे ते आजचे: इथला चुना कोण मळतो, पाणी कोण वाटते, काय पेरायचे हे कोण ठरवते? बाकचे उत्तर अर्धेमुर्धेच आहे. वास्तू चर्चची, डागडुजीचा निधी शहरातल्या संस्थेचा, पाणी कोर्टकचेऱ्या करून मिळवलेले. पण अर्धेमुर्धे उत्तरही गेल्या तीन शतकांतल्या कुठल्याही फर्मानापेक्षा जास्त आहे, कारण ते कुणी वरून दिलेले नाही.