पडलेले पिल्लू आणि आपली करुणा

चैत्र-वैशाखात आणि पुढे पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या अंगणातल्या, सोसायटीतल्या, शाळेच्या आवारातल्या झाडांवर घरटी भरलेली असतात. याच दिवसांत कधी तरी झाडाखाली एक पिल्लू पडलेले दिसते. चोच उघडून ते ओरडत असते, किंवा ओरडण्याचेही त्राण त्याच्यात उरलेले नसते. ते पाहून आपले पाऊल थांबते, मन कळवळते आणि हात आपोआप पुढे होतो.

हा कळवळा ही मोठी संपत्ती आहे. जप, ध्यान, स्वाध्याय यांनी अंतःकरण मऊ व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. ते मऊ झाले आहे की नाही, हे अशा क्षणी कळते.

पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. आपले मन कळवळले, एवढ्याने त्या पिल्लाचे भले होते का? कितीतरी पिल्ले माणसाच्या मायेपोटीच दगावतात. कुणी चमच्याने दूध पाजतो, कुणी चोचीत पाणी ओततो, कुणी दहीभात भरवतो, तर कुणी मुलांच्या हौसेखातर पिंजरा आणतो. यांपैकी कुणाचाही हेतू वाईट नसतो. हेतू शुद्ध असला की कर्मही आपोआप शुद्ध होते का, हा प्रश्न ते एवढेसे पिल्लू आपल्यापुढे ठेवते.

आधी थांबावे, पाहावे

पिल्लू दिसताच उचलू नका. पंचवीस-तीस पावले मागे सरा आणि शांतपणे पाहा.

पिल्लाच्या अंगावर पिसे आली असतील, शेपटी आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर बहुधा ते संकटात नाही. बुलबुल, साळुंकी, दयाळ, कावळा अशा पक्ष्यांची पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडतात. काही दिवस ती जमिनीवर, झुडपात, कुंपणावर राहतात. आई-बाप जवळच असतात आणि चोचीतून किडे आणून त्यांना भरवत असतात. आपण तेथे उभे राहिलो, तर भीतीने ते खाली येत नाहीत आणि आपल्याला वाटते, बिचारे पोरके झाले! अशा पिल्लाला घरी नेणे म्हणजे शाळेच्या वाटेवरच्या मुलाला पळवून नेण्यासारखे आहे. मांजर, कुत्रे किंवा रहदारी यांचा धोका असेल, तर त्याला जवळच्याच दाट झुडपात किंवा फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. कावळे डोक्यावर टोची मारू लागले, तर रागावू नका. बहुधा त्यांचेच लेकरू तुमच्या पायाशी असते.

पिल्लू उघडे-नागडे असेल, डोळेही मिटलेले असतील, पण अंग उबदार असेल आणि जखम नसेल, तर त्याची जागा घरट्यातच आहे. हात पोचत असेल तर हलकेच घरट्यात ठेवा. घरटे मोडले असेल, तर एखादी लहान टोपली घ्या, पाणी साचू नये म्हणून तळाला भोके ठेवा, आत वाळके गवत घाला आणि ती त्याच झाडावर बांधा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे नाही. एवढ्या कारणाने आई आपले पिल्लू टाकत नाही.

पाहणे आणि थांबणे याला आपण सेवा म्हणत नाही, कारण त्यात काही केल्याचे समाधान मिळत नाही. परंतु पुष्कळ वेळा खरी सेवा तीच असते.

खरेच जखमी असेल तर

रक्त येत असेल, पंख लोंबत असेल, मांज्यात अडकले असेल, अंग गार पडले असेल, मुंग्या लागल्या असतील, किंवा मांजराने तोंडात धरले असेल, तर मात्र वाट पाहू नका. मांजराच्या तोंडातील जिवाणू घातक असतात. वरून जखम दिसत नसली, तरी औषधाविना असे पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते.

एका पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडा. आत मऊ सुती कापड घाला. पिल्लाला अलगद त्यात ठेवा आणि झाकण लावा. गार पडले असेल, तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे फार ऊब झाली तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. खोके शांत, अंधाऱ्या जागी ठेवा. मग हात स्वच्छ धुवा आणि फोन करा. महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. गुजरातेत १९६२ या क्रमांकावर करुणा रुग्णवाहिका मिळते. इंदूर, हैदराबाद अशा इतर ठिकाणी राहणाऱ्या बंधुभगिनींनी आपल्या गावचे वनकार्यालय आणि पक्ष्यांवर उपचार करणारी संस्था आधीच शोधून ठेवावी.

आता काय करू नये, ते पाहू. चोचीत पाणी ओतू नका. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, म्हणून घोटभर पाणीही फुप्फुसात जाऊ शकते. दूध देऊ नका. पक्षी सस्तन प्राणी नाहीत, त्यांना ते पचत नाही. गार पडलेल्या पिल्लाला काहीही भरवू नका. त्याला कुरवाळू नका, शेजाऱ्यांना दाखवत फिरू नका, फोटोंसाठी पुनःपुन्हा झाकण उघडू नका. हातात शांत बसले म्हणजे ते माणसाळले, असे आपल्याला वाटते. पण त्याच्या लेखी आपण शिकारी आहोत आणि ते भीतीने थिजलेले असते. आपल्या मायेचा स्पर्श त्याला मरणाचा स्पर्श वाटतो, हे मनाला लागते. तरी ते समजून हात मागे घेणे, हीच येथे माया आहे.

त्याचा आहार, आपले व्रत

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मांसाहार नसतो. त्यांच्यापुढे एक वेगळाच पेच उभा राहतो. चिमणी दाणे टिपते, पण तिची पिल्ले प्रामुख्याने अळ्या आणि किड्यांवर वाढतात. घारीच्या पिल्लाला तर मांसच लागते. एका जिवाला वाचवण्यासाठी दुसरे जीव द्यायचे का?

दिल्लीतील नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांची गोष्ट येथे आठवते. तरुणपणी ते एक जखमी घार घेऊन पक्ष्यांच्या दवाखान्यात गेले. ती मांसाहारी म्हणून तेथे तिच्यावर उपचार झाले नाहीत. पुढे या भावांनी स्वतःच उपचार शिकून घेतले. वजिराबादमधल्या आपल्या घराच्या तळघरात, साबणाच्या डब्यांचा व्यवसाय सांभाळत, त्यांनी हजारो घारी आणि इतर शिकारी पक्ष्यांची सेवा केली. २०२२ साली त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटाचे नाव आहे ‘ऑल दॅट ब्रीद्स’, म्हणजे जे जे श्वास घेते ते सर्व.

दवाखान्याची भूमिकाही अहिंसेतूनच आली होती, हे विसरू नये. दोन्ही बाजूंना धर्म आहे, म्हणून तर हा पेच आहे. पण एवढे स्पष्ट दिसते, की व्रत हे घेणाऱ्यासाठी असते. घारीने ते घेतलेले नाही. तिचा आहार हा तिचा दोष नाही, तिचा स्वभाव आहे. आपले व्रत तिच्यावर लादून तिला उपाशी मारणे, ही अहिंसा ठरणार नाही. आपल्या हातून किडे भरवणे होत नसेल, तर त्यात कमीपणा नाही. ज्याला ते जमते त्याच्या हाती पिल्लू वेळेत पोचवावे. मात्र ‘हा कावळा आहे, ही घार आहे, अशुभ आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नये. सर्व भूतांच्या ठायी एकच चैतन्य आहे, असे आपण रोज म्हणतो. मोराच्या पिल्लासाठी ते म्हणणे सोपे आहे. त्याची परीक्षा कावळ्याच्या पिल्लापाशी होते.

वाचवणाऱ्याचा हक्क किती?

सिद्धार्थ आणि देवदत्ताची कथा आपण सर्वांनी वाचली आहे. बाणाने घायाळ झालेला हंस कुणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा? निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूने झाला. कथा येथे संपली असे आपण समजतो. पण सिद्धार्थाने पुढे काय केले? त्याने हंसाची जखम बरी केली आणि त्याला आकाशात सोडून दिले. हक्क मिळाल्यावर तो सोडण्यात त्याचे मोठेपण आहे.

आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट, मैना, मुनिया असे आपले रानपक्षी घरी पाळता येत नाहीत. संरक्षित वन्यजीव कोणत्याही कारणाने हाती आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी पिल्लाचे हित त्यातच आहे. बदकांची, हंसांची पिल्ले डोळ्यांपुढे पहिल्यांदा जो हलताना दिसेल त्यालाच आई मानतात, हे कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. इतर पक्ष्यांतही माणसांतच वाढलेले पिल्लू पुष्कळदा आपल्या जातीची भाषा, भय आणि शिकार शिकत नाही. ते जगते, पण पक्षी म्हणून जगत नाही.

घरात लहान मूल असेल, तर ते रडेल. ‘आपणच पाळू या ना आई,’ म्हणेल. त्या वेळी त्याला रागावू नका. पिल्लाला खोक्यात ठेवताना त्याला मदतीला घ्या, केंद्रात नेताना सोबत न्या. जे आवडते ते आपले करायचे नसते, त्याचे भले पाहायचे असते, हा संस्कार प्रवचनाने होत नाही. तो अशा वेळी होतो.

निसर्गाचा नियम आणि आपले ऋण

‘जीवो जीवस्य जीवनम्, मग आपण मध्ये का पडावे?’ असेही काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. भारद्वाज दुसऱ्याच्या घरट्यातले पिल्लू उचलतो तेव्हा त्याच्या घरट्यातही भुकेली पिल्ले असतात. तेथे आपण न्यायाधीश व्हायचे कारण नाही.

पण आपल्या दारात पडलेली सगळीच पिल्ले काही निसर्गनियमाने पडत नाहीत. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी विणीच्या हंगामात होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घालूनही नायलॉनचा मांजा विकला जातो. मांजरे आपण पाळतो. काचेच्या इमारती आपण बांधतो. ही दुखापत आपल्या सोयीसाठी झालेली असते, म्हणून येथे मदत करणे म्हणजे उपकार नव्हे, परतफेड आहे. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे, तो याच ऋणासाठी. गच्चीवर मूठभर दाणे टाकले की तो पूर्ण झाला, असे मानू नये. छाटणीआधी फांदीवर घरटे आहे का ते पाहणे, असल्यास ती फांदी महिनाभर राहू द्या म्हणून अर्ज करणे, मुलाच्या हाती साधा सुती दोरा देणे, हाही भूतयज्ञच आहे.

आणि ते वाचले नाही तर?

सर्व नीट करूनही पिल्लू पुष्कळदा वाचत नाही. रानातही लहान पक्ष्यांची बहुतेक पिल्ले पहिले वर्ष पाहत नाहीत. मग मनात येते, ‘आपण उशीर केला का? हात लावला नसता तर?’

रामायणात जटायू जखमी होऊन पडला, तेव्हा प्रत्यक्ष श्रीरामांनाही त्याचे प्राण राखता आले नाहीत. ते त्याच्यापाशी थांबले, त्याचे शब्द ऐकले आणि पित्याला द्यावा तसा त्याला अग्नी दिला. गिधाडासारख्या पक्ष्याला मिळालेला तो मान आपण पिढ्यान्पिढ्या सांगत आलो. वाचवणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. त्याला एकटे, उन्हात, मुंग्यांच्या तोंडी मरू न देणे पुष्कळदा आपल्या हाती असते. अंधाऱ्या, उबदार खोक्यात त्याचे शेवटचे काही तास भीतीवाचून गेले, तर तुमची धावपळ व्यर्थ गेली असे समजू नका. अपराधीपण धरून बसू नका.

आज एवढे करा. आपल्या भागातील वनविभागाचा आणि पक्षी-उपचार केंद्राचा क्रमांक मोबाइलमध्ये जतन करा आणि घरातल्या सर्वांना सांगा. माळ्यावर एक रिकामे खोके ठेवा. वीण सुरू झाली की सोसायटीच्या माळीदादांशी आणि वॉचमनशी बोला, कारण पडलेले पिल्लू बहुधा त्यांनाच आधी दिसते.