तेरीज जुळली!

हल्ली जो तो समतोल साधायच्या मागे आहे. रविवारची पुरवणी उघडावी, तर काम आणि घर यांचा समतोल साधण्याचे दहा उपाय हजर. पहाटे पाचला उठा, कोमट पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, कुटुंबासाठी वेळ काढा. तो वेळ कुठून काढायचा हे अकराव्या उपायात असावं आणि नेमकी तिथंच पुरवणीची जागा संपत असावी.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यात बँकेतले कारकून. समतोल म्हटलं की इतरांना तारेवरचा डोंबारी आठवतो, आम्हाला तेरीज आठवते. जितकं नावे, तितकं जमा. डावी बेरीज आणि उजवी बेरीज सारखी आली की झाला समतोल. ही द्विनोंदी पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ज्यांनी समजावून सांगितली, ते लुका पाचोली गणिती तर होतेच, शिवाय संन्यासी होते. संन्याशाच्या घरी मूल रडत नाही, दूध उतू जात नाही, सासूबाईंच्या गुडघ्याचं तेल संपत नाही. त्यांची तेरीज जुळली यात नवल ते काय!

संसारी माणसाची तेरीज काही पहिल्या झटक्यात जुळत नाही. अशा वेळी आम्ही बँकवाले एक युक्ती करतो. जेवढा फरक येतो तेवढा एका वेगळ्या खात्यात टाकतो. त्याचं नाव सस्पेन्स खातं. जुनी माणसं उचंत खातं म्हणायची. खुलासा सापडेपर्यंतची ही तात्पुरती सोय. बेरजा जुळतात, सह्या होतात, माणसं घरी जातात. फरक मात्र कुठंही गेलेला नसतो. तो त्या खात्यात मुकाट बसून असतो. आता वह्या गेल्या, संगणक आला, पण सस्पेन्स खातं संगणकातही आहेच. ऑडिटर आला की चहा यायच्या आधी तेच उघडायला सांगतो.

एवढं हिशेबाचं पुराण लावलं ते आमच्या शेजारच्या ताईंमुळे.

आम्ही राहतो तळोद्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच्या सहा तालुक्यांतला हा एक. ताई अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका आहेत. जुन्या भाषेत मुख्यसेविका. गल्लीत सगळे त्यांना 'मॅडम' म्हणतात आणि कामवाल्या मावशी 'मोठ्या बाई'. त्यांचा विभाग वर डोंगरात, धडगाव तालुक्यात. आदिवासी भागात साधारण सतरा अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असा सरकारी हिशेब आहे. कागदावर सतरा हा आकडा फार नाही. आमच्या काउंटरपुढे सकाळी साडेदहाला याहून जास्त माणसं असतात. पण ती माणसं आपल्या पायांनी चालत येतात. अंगणवाड्या पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या असतात आणि त्यांच्याकडे आपल्याला जावं लागतं. सकाळी चांदसैलीच्या घाटातून जीपनं वर जायचं. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली तरी सुटत नाही, कारण ड्रायव्हरच्या मते ती अजून भरलेली नसते. पुढं पाड्यावर पायी जायचं. मुलांची वजनं बरोबर घेतली का ते पाहायचं, खिचडीची चव घ्यायची, गरोदर बाईच्या घरी डोकवायचं, मोबाईलमध्ये भरलेली माहिती तपासायची. दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेला की ही मुलं नेमकी कुठल्या हजेरीत धरायची याचा घोळ निस्तरायचा. ताई झोपेतसुद्धा 'सॅम' आणि 'मॅम' पुटपुटतात. ही कुपोषणाच्या दोन श्रेणींची नावं आहेत हे कळेपर्यंत आमच्या सौ.ना वाटत होतं की ताईंच्या माहेरी कुणी साहेबलोक राहायला आलेत.

ताई आधी साध्या सेविका होत्या. मुलांना गाणी शिकवायच्या, नाकं पुसायच्या. काम चांगलं म्हणून वर चढल्या. आता बढतीचा एक नियम मी बँकेतही पाहिला आहे. ज्याचा हात नोटा मोजण्यात सगळ्यांत सफाईदार, त्याला अधिकारी करतात, आणि मग त्याला नोट दिसते ती थेट पगाराच्या दिवशी. बालसंगोपनातही तेच. जी बाई मुलांत सगळ्यांत छान रमते, तिला बढती देऊन मुलांपासून दूर करायचं आणि तिच्या हाती मुलांचे तक्ते द्यायचे. तरी तिथंवर ठीक आहे. नोटेला अधिकाऱ्याची आठवण येत नाही.

ताईंचा मुलगा पाच वर्षांचा. यजमान अक्कलकुव्याकडे आश्रमशाळेत शिक्षक, ते शनिवार-रविवारी येतात. म्हणजे मुलगा आजीच्या ताब्यात. एकदा आमच्याकडे पाहुणे आले होते. त्यांनी त्याला सहज विचारलं, "बाळ, आई काय करते?"

"मुलं सांभाळते."

"वा! कुणाची?"

"सरकारची," असं सांगून तो गोट्या खेळायला पळाला.

परवा ताई दारात बसून महिन्याचा अहवाल भरत होत्या. बोलता बोलता मी विचारलं, "ताई, इतक्या मुलांची वजनं तुम्हाला तोंडपाठ. आपल्या चिरंजीवांचं किती?" ताईंचा पेन थांबला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "सतरा किलो! रेशनच्या दुकानात काट्यावर उभं केलं होतं मी त्याला, साखरेच्या पोत्याशेजारी." आम्ही सगळेच हसलो. ताईही हसल्या, पण अहवालाची ओळ दोनदा खोडून मग लिहिली.

सस्पेन्स खातं मला दिसलं ते तिथं. ताईंच्या घरची तेरीज रोज जुळते. मुलगा वेळेवर जेवतो, शाळेत जातो, वेळेवर झोपतो. सतरा अंगणवाड्यांचे अहवाल तारखेला जातात. दोन्ही बाजू सारख्या. मग फरक गेला कुठं? तो सासूबाईंच्या गुडघ्यांत गेला आहे. बहात्तराव्या वर्षी त्या मुलामागे जिना चढतात-उतरतात. मी साठाव्या वर्षी निवृत्त होणार, ताई त्याच्याही आधी. सासूबाईंच्या निवृत्तीचं वय कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नाही.

ही काही एकट्या ताईंची गोष्ट नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम मांडलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं ते हेच. खेड्यातली मुलगी शाळेत का येत नाही? तर तिच्या कडेवर धाकटं भावंडं असतं म्हणून. आई मजुरीला जाते, घरची तेरीज जुळते आणि फरक सात वर्षांच्या पोरीच्या कडेवर. या बायकांनी पोरीला दोष दिला नाही, 'वेळेचं नियोजन कर' असंही सांगितलं नाही. त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढं कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकट्यानं पाळण्यात झोपावं आणि थोरलीनं शेजारी बसून पाटी गिरवावी. सस्पेन्स खातं उघडून पाहणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या ऑडिटर कुणी असतील तर त्या या.

पुढं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, शाळापूर्व शिक्षण आणि आयांचं आरोग्यशिक्षण या सहा सेवा योजनेत आल्या. सातवी सेवा, म्हणजे या सहा सेवा देणाऱ्या बाईच्या घरचं कोण पाहणार, ती राहिली. सेविकेला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. या शब्दात मान आधी आणि धन नंतर आहे, आणि क्रम तंतोतंत पाळला जातो. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. तो सेविका आणि मदतनीस यांनाही लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं एप्रिल २०२२ मध्ये. पन्नास वर्षं एखादी नोंद सस्पेन्समध्ये राहिली तर आमच्याकडे शाखाधिकाऱ्याची बदली कुठं होईल याची कल्पनाच करवत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, ही सेवा आहे, ती हिशेबानं होत नसते. मला हे पटतं, आणि म्हणूनच काळजी वाटते. आमच्याच जिल्ह्यात, नर्मदेकाठच्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचं नाव करोनाच्या काळात, २०२० मध्ये, सगळीकडे गाजलं. साथीच्या भीतीनं माणसं अंगणवाडीत येईनात, तेव्हा मागून आणलेली होडी वल्हवत, दिवसाकाठी अठरा किलोमीटर कापून त्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोचत. हिशेब करत बसल्या असत्या तर त्या होडीत चढल्याच नसत्या. पण त्यांचीही दोन लहान मुलं होती. माया करणाऱ्यानं हिशेब करू नये हे बरोबर. म्हणून ती माया ज्यांच्या कामी येते त्यांनीही हिशेब करायचा नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? बाई मायाळू आहे, तेव्हा तिला फुकट राबवायला हरकत नाही, हा तर्क व्यापारात चालवला तर त्याला लबाडी म्हणतात.

बँकेत एक साधी गोष्ट आहे. तिजोरीला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकाला रजा हवी असली तर तो किल्ली दुसऱ्या नेमलेल्या माणसाला देतो, वहीत तारीख-वेळ घालून दोघं सही करतात. किल्ली खिशात घेऊन कुणाला बारशाला जाता येत नाही. याचा अर्थ असा, की पैशाच्या बाबतीत कुणीही माणूस अडून राहणार नाही इतका तो गैरहजर राहू शकतो. त्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. मुलांच्या बाबतीत काय होतं? शेजारच्या विभागाची पर्यवेक्षिका निवृत्त झाली, तर तिच्या अंगणवाड्या 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून ताईंच्या नावे. सतराच्या एकतीस झाल्या आणि घाट तोच. ताईंना ताप आला तर त्यांची किल्ली घ्यायला कुणी नाही. मग ताण वाढला म्हणून ताणमुक्तीचं प्रशिक्षण ठेवतात. एका प्रशिक्षणाला ताई गेल्या होत्या. ते रविवारी होतं.

कायदेसुद्धा आहेत. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि जिथं पन्नास किंवा जास्त माणसं कामाला, तिथं पाळणाघर हवं असं ठरलं. फार चांगली गोष्ट. पण ताईंच्या हाताखालच्या बायका सतरा पाड्यांवर एकेक-दोनदोन. पन्नास एका जागी जमतात त्या फक्त मोर्चाला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा तर ताईंची गंमतच झाली. ज्यांच्या मागण्या मनातून पटत होत्या, त्यांनाच कामावर बोलवायचं काम ताईंकडे. वरिष्ठ होणं म्हणजे दोन्ही बाजूंचं नावे आपल्या खात्यावर घेणं, ही व्याख्या वाणिज्याच्या पुस्तकात नव्हती.

वाचक म्हणतील, मग तुम्ही तरी काय समतोल साधलात? मी दोनदा बढती नाकारली आहे. बढतीबरोबर बदली येते आणि बदलीबरोबर मेसचं जेवण. मी संध्याकाळी घरी असतो, मुलीचा अभ्यास घेतो, म्हणून गल्लीत माझ्या समतोलाचं उदाहरण देतात. सौ. त्यावर इतकंच म्हणतात, "यांचा समतोल माझ्या डोक्यावर ठेवलाय, म्हणून हलत नाही."

म्हणून मला वाटतं, ताईंनी समतोल कसा साधावा, हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातोय. साधायचा तेवढा त्यांनी साधला आहे. प्रश्न आहे तो फरक कुणाच्या खात्यावर टाकला हे पाहण्याचा. रिकाम्या जागा भरणं, आढावा बैठका दिवसाउजेडी घेणं, वर जायला एक वाहन देणं, आजारी पडलं तर किल्ली घ्यायला दुसरा माणूस नेमणं यांत अध्यात्म काही नाही. एका तिजोरीसाठी आपण जे करतो तेच सतरा पाड्यांसाठी करायचं.

तोवर तुमच्याही घरी तेरीज अगदी छान जुळत असेल तर खुशाल पेढे वाटा. फक्त वाटण्याआधी एकदा आत जाऊन बघा, पिठाच्या डब्यापाशी किंवा देवघराच्या उंबऱ्यावर गुडघे चोळत कुणी बसलं आहे का. पहिला पेढा तिकडं द्या, आणि फरक किती आहे तेही विचारून घ्या.