देवळातील जुना कठडा

जीर्णोद्धाराच्या सभेत हल्ली एक ठराव हमखास येतो : गाभाऱ्यापुढील पितळी कठडा मोडीत काढावा आणि त्या जागी स्टेनलेस स्टीलचा बसवावा. पितळ घासावे लागते, मोडीचे पैसे येतात, आणि नवा दाता नावाची पाटी घेऊन तयारच असतो. ठराव एकमताने संमत होतो. आम्हांस नवल वाटते ते या एकमताचे.

गोव्यातील महाजन असोत वा अन्यत्रचे विश्वस्त, तो कठडा त्यांच्या मालकीचा नव्हे. आपल्या कायद्याने देवता ही व्यक्ती आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, मूर्ती कोठे राहावी याविषयी तिची स्वतःची इच्छाही मानली पाहिजे, असे एका खटल्यात ठरविले. त्यापूर्वी, १८७५ साली, त्याच न्यायासनाने देवस्थानाच्या वहिवाटदाराचा अधिकार अज्ञान वारसाची मिळकत सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाच्या अधिकारासारखा मानला. मिळकतीची गरज व हित एवढीच त्या अधिकाराची मर्यादा. घासण्याचा कंटाळा ही गरज म्हणता येईल काय?

हिताचे पाहू. जुना कठडा बहुधा रिव्हेटांनी जोडलेला असतो. एखादा गज तुटला तर कासार तेवढाच काढून नवा घालतो. नवा कठडा वेल्डिंगने एकसंध होतो. बिघडला की कापावाच लागतो. शिवाय आमच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत ३०४ जातीच्या स्टीलवर तपकिरी डाग उमटतात. ३१६ जातीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकते, पण महाग पडते. सभेत पाटीवरील अक्षरांची चर्चा होते. स्टीलची जात कोणी विचारीत नाही.

कोणी म्हणेल, पितळ वितळले तरी पितळच राहते, मग गेले काय? तांबे व जस्त राहतात हे खरे. परंतु कोरलेले नाव आणि घडविणाऱ्याचा हात मुशीत जातात. १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तेथील चर्चांच्या घंटा आपल्या देवळांत टांगल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि मेरी व बालयेशूची आकृती आजही दिसते. ते कांसे ओतून तोफा करणे जेत्यांना अशक्य नव्हते. परधर्माच्या चिन्हांसह घंटा जशीच्या तशी राहिली; आणि आम्ही आमच्याच पूर्वजाचे नाव भट्टीत घालावयास निघालो आहोत!

आमचा नव्यास विरोध नाही. वृद्धांना पायऱ्या चढताना आधार हवा, तर ३१६ जातीचे स्टील खुशाल वापरावे. मात्र ते नट-बोल्टांनी जोडावे, म्हणजे पुढच्या पिढीस खोलता येईल. जुना कठडा खरोखरच निकामी झाला असेल तर कारण इतिवृत्तात लिहावे, छायाचित्र घ्यावे, वजन नोंदवावे, कोरीव नावाची पट्टी कापून जपावी, आणि तेच पितळ पुन्हा त्याच देवाच्या कामी ओतावे. नव्या दात्याचे नाव वहीत लिहिले तरी पुरे.