फुकट आणि मुक्त

झाडीपट्टीतील सानगडीसारख्या गावी दंडारीचे सूर घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या तरुणापुढे दोन वाटा असतात: महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत, किंवा २००० साली प्रसिद्ध झालेले ‘ऑडॅसिटी’. दोन्हींना पैसा पडत नाही. मग फरक तो कोणता?

इंग्रजीत ‘फुकट’ व ‘मुक्त’ यांना एकच शब्द आहे; मराठीने सुदैवाने ते वेगळे राखले. ऑडॅसिटीच्या कर्त्यांनी आपली आज्ञावलीच खुली केली. वापरा, बदला, वाटा. मात्र बदललेली प्रत वाटताना पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. हे दान होय. तोडलेली प्रत कोणी दिलेली नसते, ती घेतलेली असते. ‘गरिबाने काय करावे?’ या सबबीत आता फारसा दम उरलेला नाही.

परंतु सातवी आज्ञा संगणकापाशी थांबत नाही. १९९४ च्या ज्या दुरुस्तीने चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे गुन्हा ठरवले, तिनेच गायकाला आपल्या गायनावर हक्क दिला. लोकगीत सर्वांचे, म्हणून आपण निश्चिंत! दंडारीत गाणाऱ्या वृद्धाची अनुमती कोण विचारतो? निदान मुद्रणावर त्याचे नाव यावे, आणि चार पैसे मिळाले तर त्याचा वाटा आधी निघावा.