खुराड्यातला नववा गुरू



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध, अध्याय ८

अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. आठवा गुरू कपोत, म्हणजे कबुतर. नववा अजगर. अजगराकडून काय शिकायचं? आपोआप जे येईल ते घ्यायचं, गोड असो की बेचव, थोडं असो की जास्त. काहीच आलं नाही, तर न चिडता पडून राहायचं. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात हाच स्कंध मराठीत उलगडून सांगितलाय. मी हा भाग तीन-चारदा वाचलाय, दरवेळी पेनाने खुणा केल्यात. चौदाव्या मजल्यावर पंख्याखाली बसून 'संतोष' हा शब्द फार छान वाटतो.

मग गेल्या रविवारी अजगर प्रत्यक्ष भेटला.

माझी आत्या खारघरच्या डोंगराखालच्या एका जुन्या गावात राहते. आषाढ चालू आहे, पांडवकडा जोरात कोसळतोय. पहाटे साडेपाचला आत्याची हाक आली. मागच्या दारी खुराड्यात टॉर्च मारला, तर कोपऱ्यात वेटोळं घालून भलामोठा अजगर. अंड्यांवर बसवलेली कोंबडी गायब, आणि त्याच्या पोटाला मोठा फुगवटा. बाकीच्या कोंबड्या वरच्या दांडीवर एकमेकींना चिकटून बसलेल्या. एकही आवाज करत नव्हती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला कुठलाही अध्याय आठवला नाही. चुलतभाऊ कोयता घेऊन आला आणि मी त्याच्यासाठी टॉर्च धरला. हो, मीच. गळ्यात तुळशीची माळ घालून.

आत्या मध्ये आली. "अरे, थांबा! त्याला मारून ती परत येणारे का?"

मग १९२६ ला, वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन केला. थोड्या वेळाने एक सर्पमित्र आले. त्यांनी आधी सगळ्यांना मागे सारलं आणि हळू आवाजात म्हणाले, "काठी लावू नका. घाबरला की हा खाल्लेलं ओकतो. मग कोंबडीही गेली आणि हाही उपाशी."

मी विचारलं, "खाऊन झालं, तर हा पळून का नाही गेला?"

ते हसले. जाळीच्या खालची फट दाखवली. "आत येताना बारीक होता. आता पोट भरलंय, या फटीतून जाणार कसा?"

मित्रांनो, इथे मी गप्प झालो. संतोषाचा गुरू स्वतःच्याच पोटामुळे अडकला होता! अवधूत गुरूंकडून काय करावं हे शिकतो, तसंच काय टाळावं हेही शिकतो. आपणही कितीतरी फटींतून सहज आत शिरतो. एक ऑफर, एक ईएमआय, एक नातं. मग तिथे इतकं पोट भरून घेतो की बाहेरची वाट उरत नाही.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच होता. अजगराचा संतोष ठीक आहे, त्याची किंमत कोंबडीने का द्यायची? आत्याला विचारलं, तर ती डोळे पुसत म्हणाली, "गटारीला आपण तरी तिला सोडणार होतो का रे? तो भुकेला होता. त्याचा डोंगर कापला, आमची शेतं गेली. दोघं आता एकाच परसात."

सिडको १९७० मध्ये आली. आत्याने भातशेती जाताना आणि टॉवर उभे राहताना बघितलेत. तिच्या तोंडून 'दोघं' ऐकलं आणि समदृष्टी म्हणजे काय, ते मला पहिल्यांदा कळलं. ती रडलीही, आणि त्याला वाचवलंही.

घरी येऊन पुन्हा वाचलं. अजगराच्या आधी कबुतर का येतं? त्याची पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, मागोमाग त्यांची आई, आणि शेवटी दुःखाने आंधळं होऊन तेही त्याच जाळ्यात उडी घेतं. भागवत त्याच्या दुःखाला खोटं म्हणत नाही. दुःखात डोळे मिटून घेतलेली उडी मात्र घातक, असं सांगतं. माझ्या हातातला टॉर्च ही तशीच उडी होती. अजगर हा संरक्षित प्राणी, त्याला मारणं गुन्हा, हे तर आहेच. पण त्याआधी ती उडी माझ्याच मनावर पडली असती.

सर्पमित्रांनी दार उघडून त्याला अलगद पोत्यात घेतलं आणि वनविभागाकडे नेलं. आत्याने उरलेली अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवली, आणि दुपारी मी आणि भावाने मिळून ती फट बारीक जाळीने बंद केली. समता म्हणजे 'जाऊ दे, काय फरक पडतो' असं म्हणणं नाही. द्वेष न ठेवता जाळी दुरुस्त करणं, हीसुद्धा समताच आहे.

आजचा संकल्प : ज्याच्यावर आज राग आलाय, त्याची भूक काय आहे, हे हत्यार उचलण्याआधी एकदा बघायचं. आणि आपल्या घराची फट आपणच बुजवायची.

पांडुरंगा, दुःखात आमचे डोळे उघडे ठेव. आणि आमचं पोट आमच्या वाटेपेक्षा मोठं होऊ देऊ नकोस.

अंडी फुटायला अजून वेळ आहे. आत्या रोज मोजतेय.

राम कृष्ण हरी!