ऐकणाऱ्यांचं वाचनमंडळ

ठाणे जिल्ह्यात आवणी आटोपली की माणसांच्या कंबरेला जरा उसंत मिळते. रोपं जीव धरतात, श्रावण लागतो आणि देवळात पोथी बसते. कुठे हरिविजय, कुठे पांडवप्रताप, कुठे नवनाथ भक्तिसार. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो आणि समोर बसलेली माणसं हुंकार भरतात. त्यांतल्या कित्येकांना अक्षर लावता येत नाही, तरी कर्ण कुठे चुकला आणि कुठे त्याला चुकवलं गेलं, यावर ती तावातावाने बोलतात. श्रीधरस्वामींनी हरिविजय आणि पांडवप्रताप अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिले. त्याला तीनशे वर्षं झाली आणि एवढा काळ खेड्यापाड्यांतल्या बहुतेकांनी ते कानांनीच वाचले आहेत.

अकलोलीसारख्या गावात वाचनमंडळ काढायचं म्हटलं की मला आधी ही बैठक आठवते. एरवी आपण सुरुवात कपाटापासून करतो. पुस्तकं गोळा करायची, त्यांवर क्रमांक घालायचे, नोंदवही करायची, कपाटाला कुलूप लावायचं आणि मग वाचक येण्याची वाट बघायची. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं. दोन्ही संस्थांनी मोठं काम केलं, आजही करतात. पण तिथे शिकलेली माणसं आधी होती आणि त्यांना पुस्तकं हवी होती. खेड्यात हा क्रम उलटा लावावा लागतो. आधी बैठक, मग गोडी, आणि कपाट सर्वांत शेवटी. नुसतं कपाट दिलं की ते धूळ खातं आणि वर गावावर ठपका येतो की इथे कुणाला वाचायचंच नाही. हा ठपका मला फार अन्यायाचा वाटतो.

अकलोली तानसेच्या काठी आहे. गरम पाण्याची कुंडं, पलीकडे वज्रेश्वरी, जवळच गणेशपुरी. शहरातली वाचनमंडळं रविवारी भरतात, कारण रविवार रिकामा असतो. इथे रविवारीच मुंबई-ठाण्याची माणसं कुंडावर येतात, म्हणजे फुलं-नारळ विकणाऱ्याला, रिक्षावाल्याला, खाणावळीतल्या बाईला त्या दिवशी मान वर करायला फुरसत नाही. चैत्रात वज्रेश्वरीची जत्रा. भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि गोदामांत जाणाऱ्या पोरांच्या पाळ्या वेगळ्याच. म्हणून बैठक आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री, जेवणं उरकल्यावर, तासभर. पेरणीपासून आवणी होईपर्यंत तिला सुट्टी. गावाच्या कामांना धरून चाललं तरच ते मंडळ गावाचं होईल.

क्युबात, हवाना शहरात, 1865 साली सिगार वळणाऱ्या कामगारांनी कानांनी वाचण्याची अशीच एक प्रथा पाडली. हाताने पानं वळण्याचं काम शांत असतं, तेव्हा एकाने उंच जागी बसून मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्याचे पैसे कामगार आपल्या मजुरीतून देत आणि कुठलं पुस्तक घ्यायचं हेही तेच ठरवत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली, यावरूनच त्याची ताकद कळते. मॉन्टेक्रिस्टो या प्रसिद्ध सिगारला नाव मिळालं तेही तिथे आवडीने ऐकल्या गेलेल्या कादंबरीवरून. आपल्या भिवंडीत हे जमणार नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात शेजाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. ज्या माणसाचे कान दिवसभर तो आवाज सोसतात, त्याला रात्री एका माणसाचा शांत, स्पष्ट आवाज ऐकायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.

मुलांसाठी तर हा आवाज फार गरजेचा. या भागात घराघरांत आगरी बोलतात, वारली, कातकरी बोलतात; पुस्तकातली मराठी मुलाला पहिल्यांदा शाळेतच भेटते. तिची ओळख परीक्षेच्या धाकाशिवाय व्हायला हवी. पोथीच्या बैठकीत यावर उपाय आहेच. वाचणारा पुस्तकातलं वाचतो आणि अर्थ सांगणारा तेच घरच्या बोलीत सांगतो. अर्थ सांगायला दर वेळी मास्तरांनीच बसायचं कारण नाही. ज्या बाईला गोष्ट रंगवता येते, तिला बसवावं, मग ती दुसरीतून शाळा सोडलेली का असेना. पूर्वी याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर, शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणत तिला. वाचनाच्या बाबतीत मला दुसरा कुठलाही धडा याहून मोलाचा वाटत नाही.

पुस्तकं कुठून आणायची हा प्रश्न त्यामानाने सोपा. गावोगावी बायकांचे बचत गट आहेत, त्यांची महिन्याची बैठक चुकत नाही; पुस्तकांचे पैसे तिथेच जमवता येतील. काही ठिकाणी पुस्तक भिशी चालते. सगळ्यांनी ठरलेली रक्कम घालायची आणि जिची चिठ्ठी निघेल तिने त्या पैशांतून पुस्तकं घ्यायची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना चालवली. त्यात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात आणि काही महिन्यांनी बदलल्या जातात. शिवाय मोठ्याने वाचायचं तर एका वेळी एकच प्रत पुरते.

पहिल्या वर्षी ‘श्यामची आई’ घ्यावं. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याची मांडणीच रात्रींची आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. आठवड्याला एक धरली तर सण, कापणी आणि जत्रेचे खाडे जमेस धरूनही वर्षभरात पुस्तक होतं. कोकणातलं गरीब घर, भाताची शेती, कर्ज, आईचा मानीपणा. यातलं काहीही अकलोलीला समजावून सांगावं लागणार नाही.

दुसऱ्या वर्षी गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिथे वारली आले आणि त्यानंतर डहाणू, तलासरी, उंबरगाव भागांत वेठबिगारीविरुद्ध जो उठाव झाला, त्याची ही हकिकत. लग्नापुरतं कर्ज काढून नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबायची. त्या गड्याला लग्नगडी म्हणत. 1972 साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण ज्यांची ही गोष्ट, त्यांच्या नातवंडांतल्या किती जणांच्या कानांवर ती पडली असेल? टिटवाळा अकलोलीहून लांब नाही. वेठ, खावटी, सावकाराची पडवी हे शब्द वाचले गेले की बैठकीतली म्हातारी माणसं मधेच बोलू लागतील. कुणी म्हणेल, माझा बा सांगायचा ते याहून वाईट होतं. कुणी म्हणेल, आमच्या पाड्यावर असं नव्हतं, तसं होतं. अशा वेळी वाचणाऱ्याने पुस्तक मिटून थांबावं, आणि दहावी-बारावीतल्या एखाद्या मुलीने ते बोलणं, सांगणाऱ्याच्याच बोलीत, तारीख घालून वहीत उतरून घ्यावं.