भित्रा योसेफ आणि ग्लास्टनबरीचा मठाधिपती



इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात ग्लास्टनबरी नावाचे लहानसे शहर आहे. आपल्या तरुणांना हे नाव संगीत महोत्सवामुळे ठाऊक असते. मायकल ईविस या शेतकऱ्याने तो १९७० साली शेजारच्या पिल्टन गावी, आपल्या शेतावर सुरू केला. तिकीट एक पौंड आणि वर दूध फुकट! आता तेथे दोन लाखांच्या आसपास माणसे जमतात. अधूनमधून एखादे वर्ष महोत्सव बंद ठेवून जमिनीला विसावा देतात, जसा २०१८ साली दिला. लेवीयच्या पुस्तकातील शब्बाथ वर्षाची आम्हांला आठवण झाली.

पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक या शहराकडे येत होते. दंतकथा अशी, की प्रभूचे शरीर कबरेत ठेवणारा अरिमथाईकर योसेफ शेवटच्या भोजनाचा प्याला घेऊन येथे आला. त्याने टेकडीवर काठी रोवली आणि तिला फुले आली. तेथील काटेरी झाड खरोखरच वर्षातून दोनदा, हिवाळ्यात व वसंतात, फुलते. योसेफ मात्र तेथे गेल्याचा कसलाही पुरावा नाही. ११८४ साली तेथील मठ आगीत जळाला आणि ११९१ मध्ये मठवासीयांना आर्थर राजाची कबर 'सापडली'. बांधकामाला पैसा हवा होता, असे इतिहासकार म्हणतात. आम्हांलाही तसेच वाटते. धर्मगुरूंना छपराची चिंता लागली, की काय काय सुचते हे आम्ही जाणतो!

शुभवर्तमानातील योसेफ या कथेपेक्षा मोठा आहे. योहान सांगतो, की तो भीतीमुळे गुप्तपणे येशूचा शिष्य होता. सगळे पांगल्यावर हाच भित्रा माणूस पिलाताकडे शरीर मागायला गेला.

त्याच मठाचे शेवटचे मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग. राजा आठवा हेन्री स्वतःला चर्चचा प्रमुख म्हणवू लागला, तेव्हा १५३४ साली त्यांनी मुकाट्याने सही केली. हे लपवण्याचे कारण नाही. सांभाळायला मोठा मठ होता. आम्ही त्यांच्या जागी असतो तर सही केली नसती, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पुढे राजाला मठच हवा झाला. तो मात्र त्यांनी स्वाधीन केला नाही. मठाच्या मौल्यवान वस्तू दडवल्या म्हणून त्यांनाच चोर ठरवले. १५ नोव्हेंबर १५३९ रोजी त्या वृद्धाला दोन मठवासीयांसह टोअर टेकडीवर फाशी दिले आणि त्यांचे शिर मठाच्या दारावर लावले.

पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९५ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. पहिली सही आड आली नाही.

येत्या १५ नोव्हेंबरच्या मिस्सामध्ये त्यांचे स्मरण करू या. आपल्यापैकी ज्यांनी कधी घाबरून सही केली, किंवा बोलायचे तेव्हा गप्प राहिले, त्यांच्यासाठीही त्या दिवशी प्रार्थना करू या. त्यांत आम्हीही आहोत.